मुंग्या, सावल्या आणि सरकणारे चॅनल : जुन्या टीव्हीबद्दल तुमचे प्रश्न

पिक्चर ट्यूबच्या जुन्या टीव्हीबद्दल बरेच प्रश्न साठलेत, त्यातले फक्त रिसेप्शनचे आज घेतोय. उत्तरांआधी एकच सांगतो, मागचं झाकण उघडायची घाई करू नका. आधी पाच मिनिटं समोर बसून स्क्रीन नीट बघा, कारण मुंग्या वेगळ्या, सावली वेगळी, पट्टा वेगळा, आणि दुखणं कुठे आहे ते टीव्ही त्यातूनच सांगत असतो.

प्रश्न : टीव्ही चालू होतो पण सगळ्या चॅनलवर नुसत्या मुंग्या आणि खरखर. मेकॅनिक म्हणतो ट्यूनर गेला. बदलू का?

थांबा, ट्यूनर म्हणजे अँटेनाच्या सिग्नलमधून हवा तो चॅनल निवडणारा भाग, तो लगेच बदलू नका. पहिली गोष्ट, तुमच्या भागात अॅनालॉग प्रक्षेपण अजून चालू आहे का ते बघा. बऱ्याच देशांत ते कधीच बंद झालंय, अमेरिकेत मोठी केंद्रं २००९ मध्ये बंद झाली, ब्रिटनमध्ये २०१२ पर्यंत सगळं डिजिटल झालं. हवेत सिग्नलच नसेल तर नवा ट्यूनर टाकूनही मुंग्याच दिसणार आणि चांगला ट्यूनर उगाच कचऱ्यात जाईल, मला याचं खरंच वाईट वाटतं. अशा वेळी सेट टॉप बॉक्स घ्या आणि तो पिवळ्या-पांढऱ्या-लाल पिनांनी एव्हीला जोडा, टीव्हीला एव्ही नसेल तर आरएफ आउट (अँटेनाच्या सॉकेटला चालेल असा सिग्नल बाहेर देणारी जागा) असलेला बॉक्स किंवा तसा सिग्नल बनवणारा वेगळा मॉड्युलेटर लागेल.

ट्यूनर तपासायचीही हीच सोपी युक्ती आहे. जुना व्हीसीआर किंवा आरएफ आउटवाली कुठलीही वस्तू अँटेनाच्या सॉकेटला लावा आणि तिचा चॅनल शोधा. चित्र स्वच्छ आलं तर निदान त्या बँडला (चॅनलांच्या त्या गटाला) तरी ट्यूनर ठणठणीत आहे, दोष बाहेर आहे. आणि ठळक, दाट मुंग्या दिसतायत म्हणजे आयएफ (ट्यूनरनंतर सिग्नल वाढवणारा भाग) आणि व्हिडिओचे भाग जिवंत आहेत हेही लक्षात घ्या. स्क्रीन नुसती उजळ, करडी आणि एकही ठिपका नाही असं असेल तर मात्र आत शोधावं लागेल, बहुतेक ट्यूनरला व्होल्टेज मिळत नसतं किंवा आयएफमध्ये गडबड असते.

सिग्नल हवेत आहे आणि तरी मुंग्या, तर अँटेनाची पिन काढून बघा. काढल्यावर आणि लावल्यावर काहीच फरक पडत नाही? मग बहुतेक केबल तुटलीय. वरच्या टोकाला, जिथे केबल अँटेनाच्या डबीत शिरते, तिथे चाकूने दोन बोटं आवरण सोलून बघा. तांब्याची जाळी चकचकीत असायला हवी, ती हिरवी-काळी पडून चिमटीत भुगा होत असेल तर पावसाचं पाणी आत गेलंय आणि कधीकधी ते जाळीतून झिरपत बरंच खाली उतरलेलं असतं. चांगला भाग लागेपर्यंत कापत जा, नाहीतर सरळ नवी केबल टाका. मधली तार आतल्या आत तुटलेली डोळ्यांना दिसत नाही, त्यासाठी दोन्ही टोकं मोकळी करून मल्टिमीटर लावा : मधली तार आणि जाळी यांच्यात काहीच वाजायला नको, आणि पलीकडच्या टोकाला दोन्ही एकत्र टेकवल्या की शून्याजवळ दाखवायला हवं.

प्रश्न : प्रत्येक माणसाच्या उजवीकडे त्याचीच फिकट सावली दिसते. बूस्टर लावून जाईल का?

नाही जाणार, बूस्टर सावलीलाही तेवढीच ताकद देईल. सिग्नल तुमच्याकडे दोन वाटांनी येतोय, एक सरळ आणि एक कुठल्यातरी इमारतीवर किंवा डोंगरावर आपटून उशिरा, आणि चित्र डावीकडून उजवीकडे काढलं जातं म्हणून उशिरा आलेलं उजवीकडे उमटतं.

पट्टी घेऊन सावली किती सरकलीय ते मोजा. पाल पद्धतीत (आपल्याकडची रंगीत टीव्हीची पद्धत) चित्राची एक ओळ साधारण ५२ मायक्रोसेकंदात काढली जाते आणि एका मायक्रोसेकंदात रेडिओ लहर ३०० मीटर जाते. वीस इंची टीव्हीची रुंदी चाळीस सेंटीमीटरच्या आसपास, म्हणजे एक सेंटीमीटर सावली म्हणजे ती लहर साडेतीनशे ते चारशे मीटर जास्त फिरून आलीय. आपटणारी वस्तू तुमच्या बरोबर मागे असेल तर तिथपर्यंत जाणं आणि परत येणं दोन्ही त्यात आलं, म्हणजे ती दोनशे मीटरच्या आत-बाहेर असणार. एवढं कळलं की गच्चीवर जाऊन इकडेतिकडे बघा, बऱ्याचदा गुन्हेगार डोळ्यांना दिसतो.

मग अँटेना थोडी थोडी फिरवा आणि खालून कुणालातरी टीव्हीकडे बघत ओरडून सांगायला लावा. इथे सगळे एक चूक करतात, सगळ्यात जोरदार चित्र शोधतात. तुम्ही सगळ्यात कमी सावलीची जागा शोधा, सरळ सिग्नल थोडा कमी झाला तरी चालेल. जास्त काड्यांची अँटेना असेल तर आणखी बरं, ती बाजूचं कमी ऐकते.

सावली वेगळी दिसत नाही, नुसत्या कडा जाड दिसतात, तर बिघाड केबलच्या जोडणीत शोधा. ३०० ओहमची चपटी वायर थेट ७५ ओहमच्या सॉकेटला जोडलेली असते, मध्ये बॅलन (दोन्हींचा मेळ घालणारा छोटा जोड) नसतो, मग सिग्नल केबलमध्येच मागेपुढे आपटत राहतो. आणि सावली डावीकडे असेल तर केंद्र जवळ आहे, सिग्नल केबलमधून यायच्या आधी थेट टीव्हीतच शिरतोय, चपटी वायर काढून चांगल्या जाळीची केबल टाका.

प्रश्न : बूस्टर लावल्यापासून चित्र वाकडं होतं आणि आवाजात घूं-घूं येते.

काढून टाका. सिग्नल आधीच पुरेसा होता, आता तो इतका झालाय की टीव्हीचं एजीसी, म्हणजे सिग्नलचा जोर आपोआप सांभाळणारा भाग, त्याला आवरू शकत नाही आणि सिंक, म्हणजे चित्राला जागेवर धरणारी खूण, दबतो. बूस्टर लागतोच असेल तर तो अँटेनापाशी, वर लावायचा. टीव्हीच्या मागे लावला तर लांब केबलमध्ये सिग्नल अशक्त झाल्यावर तुम्ही तो वाढवताय, म्हणजे मुंग्यांसकट.

प्रश्न : चॅनल नीट लावला तरी अर्ध्या तासात सरकतो, आधी रंग जातात मग चित्र. पुन्हा लावलं की पुन्हा तेच.

रंग आधी जाणं हीच खूण आहे. पालमध्ये रंगाचा सिग्नल चित्राच्या मुख्य लहरीपासून ४.४३ मेगाहर्ट्झ लांब, अगदी काठावर बसलेला असतो, त्यामुळे ट्यूनिंग जरा हललं की पहिला तोच पडतो. बटणवाल्या टीव्हीत ट्यूनिंग व्होल्टेजवर चालतं, शून्य ते साधारण तीस व्होल्ट, आणि ते स्थिर ठेवायला ३३ व्होल्टचा एक छोटा स्टॅबिलायझर असतो, दिसायला डायोडसारखा. टीव्ही गरम होईल तसं ते व्होल्टेज घसरत असेल तर हाच बदला, स्वस्त असतो. तो ठीक असेल तर त्याच लाइनवरचे कपॅसिटर बघा, जरासं लीक झालं तरी पुरतं. झाकणाखाली बारीक चाकं असलेला टीव्ही असेल तर त्या चाकांखालच्या पट्टीवर धूळ बसते, चाक या टोकापासून त्या टोकापर्यंत दहा-बारा वेळा फिरवा, कधीकधी तेवढ्यानेच काम होतं.

खटखट फिरणाऱ्या नॉबचा ट्यूनर असेल तर टीव्ही बंद करून, प्लग काढून, कॉन्टॅक्ट क्लीनर मारा आणि नॉब फिरवा. सॅंडपेपर अजिबात नको, कॉन्टॅक्टवरचा मुलामा जातो आणि मग तो कायमचा खरखरतो. आतल्या बारीक कॉइलना हात लावू नका, एक वेटोळं वाकलं तरी चॅनल जागा सोडतो.

प्रश्न : स्क्रीनवर आडवे पट्टे येतात.

ठिपक्याठिपक्यांचे पट्टे असतील तर घरातलं मिक्सर, डिमर, पंख्याचा रेग्युलेटर एकेक बंद करून बघा. गुळगुळीत, रुंद, काळसर पट्टा हळूहळू वर किंवा खाली सरकत असेल तर तो रिसेप्शनचा दोष नाही, पॉवर सप्लायचा मोठा फिल्टर कपॅसिटर वाळलाय.

प्रश्न : टीव्हीवर थाप मारली की चित्र येतं. आत काय झालंय? मी उघडून बघू का?

ड्राय सोल्डर, म्हणजे सुटलेला किंवा नीट न पकडलेला डाग. जास्त करून अँटेनाच्या सॉकेटपाशी आणि ट्यूनरच्या पायांपाशी, कारण पिन घालताना-काढताना तिथेच ताण येतो. भिंगाने बघितलं तर पायाभोवती केसाएवढी गोल भेग दिसते.

पण उघडण्याबद्दल स्पष्ट सांगतो, सवय नसेल तर नका उघडू. रंगीत ट्यूबला वीस-पंचवीस हजार व्होल्ट लागतात आणि टीव्ही बंद केल्यावरही ट्यूबमध्ये चार्ज राहतो. शिवाय खूप जुन्या टीव्हींची चेसिस, म्हणजे आतला धातूचा सांगाडा, थेट मेनला जोडलेली असते, सॉकेटच्या डबीतले छोटे कपॅसिटर अँटेनाला त्यापासून वेगळं ठेवतात. अँटेनाच्या तारेला हात लागून झिणझिण्या आल्या असतील तर टीव्ही आत्ता प्लगमधून काढा आणि ते कपॅसिटर बदलेपर्यंत लावू नका. जाणकाराकडे दिलात तर ट्यूनरच्या जाड अर्थच्या पायांवर जरा मोठं सोल्डरिंग आयर्न वापरायला सांगा, बारीक आयर्नने वरून सोल्डर चमकतं पण आत पकडत नाही, आणि महिन्याभरात पुन्हा थाप मारायची वेळ येते.