'चर्चचे पुजारी' चालेल का?

एका वाचकाचा प्रश्न असा आहे: 'नाशिकरोडच्या बाळ येशूच्या यात्रेवरच्या एका मजकुरात "चर्चचे पुजारी" असं लिहिलेलं वाचलं. पुढे त्यातच "दर्ग्याचे मौलवी" आणि "बुद्ध मंदिराचे भटजी" हेही होतं. खटकलं, पण बरोबर शब्द मलाही सुचेनात. पुजारी हा शब्द सगळीकडे चालतो का? आणि साध्या माणसाला प्रत्येक धर्मातले असे शब्द माहीत असावेत, ही अपेक्षा जरा जास्तच नाही का?'

पहिल्याचं उत्तर सोपं आहे. नाही चालत. पुजारी म्हणजे पूजा करणारा, त्यामुळे जिथे मूर्तीची पूजा होत नाही तिथे तो शब्द आपोआप गळतो. खरं म्हणजे हिंदू धर्मातही तो सरसकट चालत नाही. रामकुंडावर पिंडदान करवून घेणाऱ्यांना कुठला नाशिककर पुजारी म्हणतो? ते गुरुजी, फार तर तीर्थोपाध्याय. यजमानांच्या पिढ्यांची नावं लिहिलेल्या वह्या त्यांच्याकडे असतात, आणि मूर्तीशी त्यांचा त्या घटकेला काही संबंध नसतो. खेड्यात महादेवाच्या देवळात गुरव, तुळजापूरला भोपे, पंढरपूरला 2014 पर्यंत बडवे. स्वतःच्या धर्मात एवढा नेमकेपणा पाळणारी मराठी दुसऱ्याच्या धर्मात गेली की एकदम 'पुजारी' आणि 'भटजी'वर का येते, हे कोडंच आहे. शब्द नाहीत म्हणावं तर तसंही नाही. भरपूर आहेत.

मशीद आणि दर्गा यांच्यापासून सुरू करू, कारण सगळ्यात जास्त गोंधळ तिथेच आहे. मशीद ही नमाजाची जागा; मूळ अरबी शब्दाचा अर्थच सजदा करण्याची, म्हणजे माथा टेकण्याची जागा. दर्गा हे एखाद्या पीराचं, सूफी संताचं समाधिस्थान. तो शब्द फारसी आणि त्यातला 'दर' म्हणजे दार; 'दरबार'मधला तोच. मशिदीत नमाज पढवतो तो इमाम, बांग देतो तो मुअज्जिन किंवा जुन्या मराठीत बांगी. मौलवी हे पद नव्हे, विद्वत्ता आहे. शाळेत शिकवणारा, मशिदीशी नेमणुकीचा संबंध नसलेलाही मौलवी असू शकतो. निकाह लावतो तो काझी, कुराण पाठ असलेला तो हाफिज. आणि दर्ग्याची देखभाल करतो, आलेल्यांच्या वतीने चादर किंवा गलेफ चढवतो तो मुजावर. मुजावर या अरबी शब्दाचा मूळ अर्थ जवळ राहणारा, शेजारी. तेव्हा 'दर्ग्याचे मौलवी' अशक्य नाही, पण बहुतेक वेळा लिहिणाऱ्याला मुजावरच म्हणायचं असतं.

यातला एकही शब्द मराठीला परका नाही. मुजावर तर आडनावही आहे आणि मुलाणी गावगाड्यातलाच. जुन्या नाशकात बडी दर्ग्याच्या परिसरात फुलं विकणाऱ्याला मुजावर कोण आणि इमाम कोण हे विचारून पाहा, तो धर्म कुठला का असेना, चुकणार नाही. उरूस कधी, संदल कधी निघणार, गर्दी किती होईल, हे त्याला कामापुरतं चोख ठाऊक असतं. 'उर्स' म्हणजे मुळात लग्न, आणि संताचा मृत्युदिन म्हणजे त्याचं ईश्वराशी मीलन म्हणून हा सण, हे त्याला कदाचित सांगता येणार नाही. पण ते मलाही पुस्तकातूनच कळलेलं आहे. (जाता जाता: नाशकात 'बडी दर्गा' हे नाव स्त्रीलिंगी, हिंदी-उर्दूच्या वळणाचं. मराठीत मात्र आपण 'दर्ग्यात', 'दर्ग्याला' म्हणतो, 'दर्गेत' म्हणत नाही. म्हणजे मराठी शब्द पुल्लिंगी. नाव तसंच ठेवून विभक्ती मराठीची लावायला हरकत नाही.)

म्हणून 'सामान्य माणसाला काय माहीत असतं' या प्रश्नाकडे मी जरा वेगळं बघतो. अमेरिकेत 2010 साली प्यू रिसर्च सेंटरने धर्मांविषयी 32 प्रश्न विचारून पाहणी केली होती. सरासरी निम्मीच उत्तरं बरोबर आली. त्यातली गंमत म्हणजे निम्म्याहून जास्त प्रोटेस्टंटांना त्यांच्याच पंथाची सुरुवात करणारा मार्टिन ल्यूथर ओळखता आला नाही आणि नास्तिक-अज्ञेयवादी मंडळी सगळ्यात पुढे राहिली. तसल्या प्रश्नपत्रिकेत आपणही आपटू, स्वतःच्या धर्माच्या प्रश्नांतसुद्धा. पण प्रश्नपत्रिकेत 'गलेफ' येत नाही. शेजाऱ्याचा रोजा कधी सुटतो, हेही येत नाही.

व्यवहारातून धर्म कळण्याचा सर्वांत सुरेख मराठी नमुना कोकणातला. तिथले बेने इस्राएल ज्यू तेल गाळायचे आणि शनिवारी घाणा बंद ठेवायचे. लोकांनी त्यांना नाव दिलं 'शनिवार तेली'. तोरा हा त्यांचा धर्मग्रंथ, मोझेस, काही माहीत नसताना गावाने शब्बाथ, म्हणजे ज्यूंचा शनिवारचा विश्रांतीचा दिवस, मात्र अचूक टिपला. उलट नुसत्या डोळ्यांनी पाहून नाव ठेवलं की काय होतं, ते पुण्यात दिसतं: ओहेल डेव्हिड हे सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनास्थळ, लाल विटांचं, म्हणून लोकांच्या तोंडी ते 'लाल देऊळ'. नाशकातही हेच. त्रिरश्मी डोंगरातली बौद्ध लेणी झाली पांडवलेणी आणि म्हसरूळजवळची जैनांची लेणी झाली चांभारलेणी. पांडवलेण्यांत तर भिंतीवर ब्राह्मी अक्षरांत लिहून ठेवलंय की हे लेणं सातवाहन राजमाता गौतमी बलश्रीने भिक्षूंना दान दिलं. लिपी वाचता येईनाशी झाली आणि पांडव राहायला आले.

आता ख्रिस्ती शब्द. 'पाद्री' पोर्तुगीजांबरोबर आला, 'नाताळ' आणि 'क्रूस'सुद्धा. पाद्री म्हणजे बाप, फादर म्हणजेही बापच. पण आज पाद्री शब्दाला थोडा कुचेष्टेचा वास लागलाय, म्हणून लेखनात टाळलेला बरा. बाळ येशूचं स्थान कॅथलिक, तेव्हा तिथे 'फादर' किंवा 'धर्मगुरू'. बिशपांना मराठी कॅथलिक 'महागुरुस्वामी' म्हणतात आणि तिथल्या मुख्य उपासनेला 'मिस्सा'. प्रोटेस्टंट मंडळींत सहसा 'पाळक' किंवा 'रेव्हरंड' ऐकू येईल. 'पाळक' मला फार आवडतो. मेंढपाळाची कल्पना सरळ मराठीत उतरलेली आहे. आणि फेब्रुवारीतल्या त्या उत्सवाला 'यात्रा' म्हणणं मुळीच चूक नाही. हजारो लोक, सगळ्या धर्मांचे, मेणबत्त्या घेऊन येतात, पाळणे लागतात, दुकानं लागतात. याला यात्रा नाही तर काय म्हणणार? नाशिककरांनी दिलेला शब्द आहे, तो कापू नये.

'बुद्ध मंदिराचे भटजी' मात्र सरळ खोडा. विहार म्हणावं, आणि तिथे असतील तर भिक्खू किंवा भंते. पालीत 'भंते' हे संबोधन आहे, आपण 'अहो महाराज' म्हणतो तसं. पण मराठीत 'एक भंते आले होते' हे आता रुळलंय आणि त्यात दोष काढण्यात अर्थ नाही. ज्या जिल्ह्यात काळाराम मंदिराचा सत्याग्रह 1930 साली झाला आणि येवल्याची धर्मांतराची घोषणा 1935 साली, तिथे 'भटजी' हा शब्द विहाराला चिकटवणं नुसतं व्याकरणाने चुकत नाही.

जैनांबाबत एकच सांगतो: 'स्थानक' लिहिलेल्या इमारतीला 'जैन मंदिर' म्हणू नका. स्थानकवासी मूर्तिपूजा करत नाहीत, तिथे पुजारी असायचा प्रश्नच नाही. पारशांच्या अग्यारीत दस्तूर किंवा मोबेद.

काही जण म्हणतील, एवढं लक्षात ठेवण्यापेक्षा सगळीकडे 'धर्मगुरू' लिहू. बऱ्याच ठिकाणी निभेल. मुजावराला जरा मोठं होईल, इतकंच. शिखांच्या बाबतीत मात्र ते साफ चुकतं. गुरू गोविंदसिंगांनी 1708 साली, इथेच महाराष्ट्रात, नांदेडला, ग्रंथ साहिबालाच गुरू ठरवलं. त्यानंतर देहधारी गुरू नाही. म्हणून गुरुद्वाऱ्यातल्या माणसाला 'शीख धर्मगुरू' लिहू नये. ग्रंथ वाचणारा असेल तर ग्रंथी, कीर्तन करणारा असेल तर रागी.