बेरीज शून्यच येते? आधी तो दुसरा ‘व्हार’ खोडा

“‘मिळवा’ दाबलं की लॉगमध्ये आकडा बरोबर, ‘दाखवा’ दाबलं की शून्य, आणि एरर एकही नाही.” दोन आकड्यांची बेरीज करणाऱ्या तुमच्या अँड्रॉइड ॲपबद्दलचं हे वाक्य वाचून जुनी जखम ठसठसली. (लॉग म्हणजे ॲप चालताना आपल्यासाठी छापल्या जाणाऱ्या नोंदी.) माझ्या पहिल्या ॲपने मला याच शून्यापायी चार रात्री जागवलं होतं.

कोटलिन (ॲप लिहायची भाषा), एडिटटेक्स्ट (आकडा भरायची चौकट) वगैरे तुम्हाला येतंच, ते सोडतो. वर क्लासमध्ये, म्हणजे स्क्रीनचा सगळा कोड ज्या बाहेरच्या कंसात असतो तिथे, तुम्ही ‘व्हार बेरीज = ०’ लिहिलंय; ‘व्हार’ म्हणजे नवं व्हेरिएबल, आकडा ठेवायची जागा, बनवा. खाली ‘मिळवा’च्या क्लिकमध्ये परत ‘व्हार बेरीज = पहिला + दुसरा’. तो दुसरा ‘व्हार’च घात करतोय. त्याने त्याच नावाचं नवं व्हेरिएबल जन्माला येतं आणि कंस बंद झाला की मरतं. वरची ‘बेरीज’ तशीच शून्य. ‘व्हार’ खोडा, नुसतं ‘बेरीज = पहिला + दुसरा’ ठेवा.

मी फसलो ते लॉगमुळे. लॉगची ओळ त्याच कंसात होती, त्यामुळे ती नव्या व्हेरिएबलचा बरोबर आकडा छापायची आणि मला वाटायचं, हिशोब ठीक आहे, स्क्रीनच बिघडलीय. कोडचं ॲप बनवणारा कंपायलरही गप्प, कारण त्याच्या लेखी यात चूक काहीच नाही. ज्या शिकवणीला पैसे भरले होते त्यांच्या मदत विभागाला पूर्ण कोड पाठवला. उत्तर आलं, एम्युलेटर (लॅपटॉपवरचा नकली फोन) पुन्हा इन्स्टॉल करा. केला. मग म्हणाले, लॅपटॉपची रॅम वाढवा! कोड कोणी उघडूनही पाहिला नसावा. असो.

अँड्रॉइड स्टुडिओत, म्हणजे कोड लिहितो त्या प्रोग्राममध्ये, कंट्रोल धरून ‘बेरीज’वर क्लिक करा. कर्सर क्लासच्या वरच्या ओळीवर गेला तर ठीक, त्याच कंसात घुटमळला तर चोर सापडला. हे मला तेव्हा कोणी सांगितलं असतं तर!

आता इनपुट. एडिटटेक्स्टमधला मजकूर ऑनक्रिएटमध्ये (स्क्रीन तयार होताना चालणाऱ्या कोडमध्ये) वाचू नका, तेव्हा चौकट रिकामीच असते. क्लिकच्या आत वाचा. आणि मजकुराचा इंट, म्हणजे पूर्णांक, करताना ‘टूइंट’ऐवजी ‘टूइंटऑरनल’ वापरा (जमलं नाही तर ते नुसतं ‘काही नाही’ देतं), नाहीतर कोणी काही न भरता बटण दाबलं की ॲप आडवं. कीबोर्ड फक्त अंकांचा ठेवला म्हणून निर्धास्त राहू नका. रिकामी चौकट तरीही येते, आणि २१४७४८३६४७ च्या पुढचा आकडा इंटमध्ये मावत नाही.

कोणीतरी सांगेलच की सगळं कम्पॅनियन ऑब्जेक्टमध्ये, म्हणजे क्लासच्या सामायिक जागेत, टाका, कुठूनही मिळेल. मिळतं खरं, पण मग कोणी कुठे बदललं ते शोधत बसायचं. माझं मत, पटलं तर घ्या. मी काही व्यावसायिक डेव्हलपर नाही, आणि कंपोजमध्ये (स्क्रीन बनवायच्या नव्या पद्धतीत) हे जरा वेगळं चालतं.

फोन आडवा केल्यावर बेरीज परत शून्य झाली तर घाबरू नका, ती चूक ही नव्हे. ॲक्टिव्हिटी, म्हणजे ती स्क्रीन, नव्याने तयार होते, त्यासाठी व्ह्यूमॉडेल (फोन आडवा केला तरी आकडा जपणारा भाग) बघा, पण आज नको. आज फक्त तो ‘व्हार’ खोडून चालवा. तरीही शून्यच आलं तर ‘दाखवा’च्या क्लिकचा कोड टाका, तुमच्या पोस्टमध्ये तेवढाच दिसत नाही.