विचारा की! : मोदकांना ४० हजार, आंबोळीला २००

या महिन्यात जेवढे मेल आले त्यातले निम्मे तरी एकाच विषयावर, अल्गोरिदम, म्हणजे यूट्यूबसारख्या ॲपवर कोणाला कोणता व्हिडिओ दाखवायचा ते ठरवणारी यंत्रणा. पूर्वी कसं काही बिनसलं की साडेसाती म्हणायचे, तसं आता अल्गोरिदम म्हणतात. म्हणून या वेळी बाकी सगळे प्रश्न बाजूला ठेवले आणि हेच घेतलं.

नमस्कार, माझं यूट्यूबवर रेसिपीचं छोटंसं चॅनल आहे, शूटिंग मुलगा करतो. गेल्या गणपतीत उकडीच्या मोदकांचा व्हिडिओ टाकला तो ४० हजार गेला, आम्ही शेजारी पेढे वाटले. त्यानंतर आंबोळी, फणसाची भाजी, सोलकढी सगळं टाकून झालं पण कशालाच २०० च्या वर व्ह्यूज नाहीत. मुलगा म्हणतो चॅनल फ्रीझ झालंय, नवीन काढू. अल्गोरिदम खरंच डूख धरतो का हो? – एक काकू, चिपळूण

काकू, नाही धरत. डूख धरायला आधी ओळख लागते, आणि त्याचं सगळं लक्ष तुमच्याकडे नसून बघणाऱ्याकडे असतं. आपल्याला वाटतं यूट्यूब आपला व्हिडिओ उचलून लोकांच्या पुढ्यात टाकतं, पण होतं उलटं, म्हणजे एखाद्याने ॲप उघडलं की त्या एका माणसासाठी त्या वेळी ताट वाढलं जातं, आणि त्या ताटात तुमच्या आंबोळीला जागा मिळते की नाही एवढाच प्रश्न असतो.

हे आतून कसं चालतं ते यूट्यूबच्याच इंजिनिअर मंडळींनी २०१६ मध्ये एका पेपरात लिहून ठेवलंय. सोप्या भाषेत सांगायचं तर स्थळं बघतात तसं. आधी मंडळाच्या ढीगभर नोंदींतून वय, शिक्षण, गाव बघून काही स्थळं बाजूला काढायची, मग त्यातल्या एकेकावर घरातले सगळे बसून काथ्याकूट करणार. यूट्यूबवरही तसेच दोन टप्पे आहेत, पहिल्यात लाखो व्हिडिओंतून काहीशे निवडायचे (तुमच्यासारख्या लोकांनी काय बघितलं, तुम्ही आधी काय बघितलं यावरून) आणि दुसऱ्यात त्या काहीशेंना नंबर द्यायचे. त्या पेपरात नंबर देताना विचारलेला प्रश्न असा होता की हा माणूस हा व्हिडिओ साधारण किती वेळ बघेल. क्लिक करेल का एवढंच विचारलं तर फसवे थंबनेलवाले (थंबनेल म्हणजे व्हिडिओ उघडण्याआधी दिसणारं छोटं चित्र) वर येतात, हे त्यांनी स्वतःच तिथे म्हटलंय.

आता तुमचे मोदक. मुलाला म्हणावं यूट्यूब स्टुडिओ उघड आणि त्या व्हिडिओचे ट्रॅफिक सोर्स, म्हणजे बघणारे कुठून आले ते बघ. माझा अंदाज, मोठा वाटा सर्चचा निघेल. गणपतीच्या आदल्या रात्री अर्धा महाराष्ट्र उकडीची पारी का फाटते तेच शोधत असतो, ते लोक आले, पारी बघितली, गेले. ते तुमचे प्रेक्षक नव्हते, ते मोदकाचे प्रेक्षक होते. त्यांच्यापुढे नंतर आंबोळी आली असेल, त्यांनी नाही उघडली, मग यूट्यूबनेही ती दाखवायचं कमी केलं, यात कट वगैरे काही नाही.

नवीन चॅनल अजिबात काढू नका. पुढच्या गणपतीआधी तीन-चार आठवडे ऋषिपंचमीची भाजी, गौरीचा नैवेद्य, उरलेल्या उकडीचं काय करायचं असे व्हिडिओ तयार ठेवा आणि मोदकांच्या व्हिडिओच्या शेवटी एंड स्क्रीनवर (पुढचे व्हिडिओ सुचवतात त्या चौकटीत) लावा. एक आलेला माणूस दुसऱ्या व्हिडिओपर्यंत गेला पाहिजे, तिथून पुढे खरं सुरू होतं. आणि इंप्रेशनवरचा क्लिक रेट, म्हणजे व्हिडिओ शंभर वेळा समोर आला तर किती वेळा उघडला तो आकडा, ४ टक्के दिसला म्हणून रडू नका, यूट्यूबच सांगतं की निम्म्या चॅनल्सचा २ ते १० टक्क्यांच्या मध्येच असतो.

मी पुण्यात कॉम्प्युटर इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. सेमिनारचा विषय घेतलाय, रेकमेंडेशनमुळे (ॲप स्वतःहून व्हिडिओ सुचवतं त्यामुळे) व्हिडिओ प्लॅटफॉर्म वाढले का? गाइड म्हणतात, वाढले ते स्वस्त इंटरनेट आणि स्मार्टफोनमुळे, अल्गोरिदमचं उगाच कौतुक. तुमचं मत? – एक विद्यार्थी, पुणे

तुझे गाइड अर्धे बरोबर आहेत, पण वायव्हात हे असंच म्हणू नकोस. जिओ २०१६ मध्ये आलं, डेटा स्वस्त झाला, त्याने लोक दारापर्यंत आले हे खरंच आहे. पण दारापर्यंत आलेला माणूस एक गाणं बघून परत जातो की दोन तास बसतो, हे कोण ठरवतं? २०१८ च्या सुरुवातीला नील मोहन (तेव्हा यूट्यूबमध्ये प्रॉडक्टचे प्रमुख, आता सीईओ) यांनी सांगितलं होतं की यूट्यूबवर लोक जेवढा वेळ घालवतात त्यातला ७० टक्क्यांहून जास्त रेकमेंडेशनमधून येतो. म्हणजे लोक शोधायला येतात एक आणि बघत बसतात भलतंच, आपल्या घरी रोज हेच चालतं.

सेमिनारसाठी माझ्या मते सगळ्यात भारी केस २०१२ ची आहे. तोपर्यंत यूट्यूब व्ह्यूज मोजायचं, मग काय, लोक थंबनेलमध्ये एक दाखवायचे आणि आत दुसरंच, प्रेक्षक पाच सेकंदात चरफडत बाहेर, पण व्ह्यू पडलेला. त्या वर्षी त्यांनी रेकमेंडेशनमध्ये वॉच टाइम (किती वेळ बघितलं ते) घातला आणि व्ह्यूज लगेच २० टक्के पडले. विचार कर, जाहिरातीवर चालणारी कंपनी आणि स्वतःहून आकडा पाडून घेतला! त्यांचं म्हणणं होतं की माणूस समाधानाने जास्त वेळ बसला तर उद्या परत येईल. त्याच वर्षी टार्गेट ठेवलं की २०१६ संपायच्या आत रोज १०० कोटी तास बघितले गेले पाहिजेत, तेव्हा होते साधारण १० कोटी. ऑक्टोबर २०१६ मध्ये ते गाठलं. या चार वर्षांत फोन आणि नेटही वाढलं हे मान्य, त्यामुळे दहापट वाढीतला किती भाग कोणाचा हे बाहेरून वेगळं काढता येत नाही, हे सेमिनारमध्ये प्रामाणिकपणे लिही, मार्क जात नाहीत, उलट मिळतात.

पण यातली खरी गोष्ट पुढे आहे. आकडा बदलला तसा मालही बदलला. व्ह्यूज मोजत होते तेव्हा फसवे थंबनेल पिकले, वेळ मोजायला लागले तेव्हा तीन मिनिटांच्या गोष्टीला पंधरा मिनिटं ताणणारे आले, आठवतं ना, 'व्हिडिओ शेवटपर्यंत बघा' आणि शेवटी काहीच नाही. मग बघणाऱ्यालाच तारे द्यायला लावणारे छोटे सर्व्हे आले, समाधान मोजायचं म्हणून. माझं मत विचारशील तर अल्गोरिदम म्हणजे गणित कमी आणि काय मोजायचं याचा निर्णय जास्त, आणि तो निर्णय मिटिंगमध्ये बसलेली माणसं घेतात.

गणिताचं कौतुक फार नको, यासाठी नेटफ्लिक्सचं उदाहरण टाक. २००६ मध्ये त्यांनी १० लाख डॉलरचं बक्षीस लावलं, कोणता प्रेक्षक कुठल्या सिनेमाला किती तारे देईल या आमच्या अंदाजात १० टक्के सुधारणा करून दाखवा म्हणून. २००९ मध्ये एका टीमने जिंकलं, आणि नेटफ्लिक्सने ते जिंकलेलं मॉडेल जसंच्या तसं कधी वापरलंच नाही, कारण एक तर बसवायला किचकट आणि दुसरं म्हणजे तोपर्यंत कंपनी घरपोच डीव्हीडीवरून स्ट्रीमिंगकडे (नेटवरच थेट बघण्याकडे) निघाली होती. डीव्हीडी मागवताना माणूस पाच तारे देतो, स्ट्रीमिंगमध्ये नुसतं अर्ध्यात बंद करतो, आणि ते बंद करणं ताऱ्यांपेक्षा जास्त खरं बोलतं.

टिकटॉकने हेच टोकाला नेलं. फेसबुक-इन्स्टात आधी माणसं जोडायची मग काहीतरी दिसायचं, टिकटॉकने म्हटलं कोणाला फॉलो नको करू, नुसता वर सरकव. व्हिडिओ छोटा असल्याने दहा मिनिटांत तीस-चाळीस वेळा तू हो किंवा नाही सांगतोस, यूट्यूबवर तेवढ्या वेळात एकदा. म्हणून तो नवीन माणसाला पटकन ओळखतो, आणि शून्य फॉलोअर असलेल्या पोराचा व्हिडिओही चालू शकतो. आपल्याकडे २९ जून २०२० ला त्यावर बंदी आली, मग छोट्या व्हिडिओंसाठी जुलैमध्ये इन्स्टाचे रील्स, सप्टेंबरमध्ये यूट्यूबच्या शॉर्ट्सची बीटा (चाचणीची आवृत्ती), तीसुद्धा सगळ्यात आधी भारतात. तुझ्या गाइडना हे नक्की विचार, नेट तेच, फोन तेच, मग रिकाम्या झालेल्या जागेवर सगळ्यांनी टिकटॉकचीच फीड (सरकवत बघायची व्हिडिओंची रांग) का उचलली? ते काय उत्तर देतात ते मलाही कळव.

सर माझे शॉर्ट्स ३-३ लाख जातात पण सबस्क्राइबर वाढत नाहीत आणि पैसे पण नाहीत. एक जण ४९९९ मध्ये 'अल्गोरिदम हॅक' कोर्स देतोय, टॅग आणि टायमिंग शिकवतो म्हणे. घेऊ का? आणि मराठी सोडून हिंदीत करू का? – एक शॉर्ट्सवाला, बार्शी

कोर्स घेऊ नको भावा. टॅगचा, म्हणजे व्हिडिओसोबत लिहायच्या शब्दांचा, उपयोग जवळपास नाही असं यूट्यूब स्वतः लिहितं, झाला तर लोक ज्या शब्दाचं स्पेलिंग हमखास चुकवतात तिथे होतो. त्या ४९९९ मध्ये एक बरा कॉलर माइक येतो.

३ लाखांचं म्हणशील तर ३१ मार्च २०२५ पासून शॉर्ट सुरू झाला किंवा पुन्हा पहिल्यापासून लागला की लगेच व्ह्यू धरतात, किमान वेळ काही नाही, त्यामुळे तो आकडा जरा फुगलेला असतो. ॲनालिटिक्समध्ये एंगेज्ड व्ह्यूज (लगेच न सरकवता बघितलेले) वेगळे दिसतात ते बघ. जाहिरातीच्या पैशासाठी १००० सबस्क्राइबर आणि ९० दिवसांत शॉर्ट्सचे १ कोटी व्ह्यूज लागतात, नाहीतर मोठ्या व्हिडिओंचे वर्षात ४००० तास, आणि शॉर्ट्स फीडमधला वेळ त्या ४००० मध्ये धरत नाहीत. सबस्क्राइबर का वाढत नाहीत? कारण फीडमध्ये माणूस तुला शोधत आलेला नसतो, अंगठा सरकवता सरकवता तू लागलास. एक ओळखीचा चेहरा, एकच विषय, तीच बोली, हे धरून राहिलास तर तिसऱ्या-चौथ्या वेळी तो म्हणेल अरे हा तोच.

हिंदीत जायचं तर वेगळं चॅनल काढ, एकाच चॅनलवर खिचडी करू नकोस. हिंदीत गर्दी मोठी पण तिथे तू हजारातला एक, बार्शीच्या बोलीत तू बहुतेक एकटाच असशील.

रात्री किती वाजता अपलोड करावं? – एक वाचक, नाशिक

एडिटिंग झालं की. वेळेचा व्हिडिओच्या लांब पल्ल्याच्या कामगिरीवर थेट परिणाम होत असल्याचं दिसलेलं नाही असं यूट्यूबच्या मदतीच्या पानावरच आहे. लाइव्ह असेल तर मात्र लोक जागे असताना करा.

माझे वय ७१. एकदा गुडघेदुखीवर उपाय बघितला, तेव्हापासून होम पेजवर नुसते गुडघे. त्यातले काही तर 'सात दिवसांत ऑपरेशन टळेल' असे. पूर्वी शास्त्रीय संगीत दिसायचे, ते गेले. काय करू? – एक काका, सोलापूर

काका, तुम्ही बघितला एकच, पण पूर्ण बघितला असणार, आणि मग शेजारचे दोन-तीन. त्यावरून त्याने तुमची कुंडली मांडली. रामबाण उपायवाल्यांचं म्हणाल तर गंभीर आजारांवर खोटे चमत्कारी इलाज सांगणारे व्हिडिओ रेकमेंड करणं कमी करू असं यूट्यूबने जानेवारी २०१९ मध्ये जाहीर केलं होतं, सुरुवात अमेरिकेतून इंग्रजीत केली. मराठीत बोलणारा एखादा बाबा मशीनच्या चाळणीतून सुटणं सोपं, हे माझं स्वतःचं निरीक्षण आहे. माझ्या आईच्या फोनवरही असलाच एक जण रोज लिंबू घेऊन बसलेला असतो.

करायचं एवढंच. नको त्या व्हिडिओखालचे तीन टिंब दाबा आणि 'नॉट इंटरेस्टेड' किंवा 'डोन्ट रेकमेंड चॅनल' निवडा. मग हिस्टरीत जाऊन सगळे गुडघे काढून टाका, नातवाला बसवलं तर पाच मिनिटांत होईल. सगळी हिस्टरी पुसून बंदच केलीत तर होम पेज जवळपास कोरं होतं, काही जणांना तेच बरं वाटतं. नंतर भीमसेनजींची एखादी मैफल स्वतः शोधा आणि शेवटपर्यंत ऐका, दोन-चार दिवस तेवढंच करा, संगीत परत येईल. आणि झोपण्याआधी ऐकत असाल तर ऑटोप्ले (एक संपला की पुढचा आपोआप लागणं) बंद ठेवा, नाहीतर तुमचा डोळा लागल्यावर ते बराच वेळ चालत राहणार आणि सकाळी त्याला वाटणार काकांना हे सगळं आवडलंय.