प्रश्न तुमचे: आकृती फिरली की गणित अडतं

प्रश्न: मुलगा दहावीला आहे. भूमितीची प्रमेयं तोंडपाठ, पण पेपरात आकृती जरा तिरपी आली की हात थांबतो. पाठांतर वाढवायला सांगू का? (एक आई, महाल, नागपूर)

उत्तर: ताई, पाठांतर आता पुरे. प्रमेय त्याला येतंय, पण त्या प्रमेयाचं एकच चित्र त्याच्या मनात बसलंय. काटकोन त्रिकोण म्हटलं की काटकोन खाली डावीकडे आणि पाया आडवा. फळ्यावर बहुतेक वेळा तसाच काढतात ना! गणितशिक्षणाचे अभ्यासक डेव्हिड टॉल आणि श्लोमो विनर यांनी 1981 मध्ये हेच मांडलं होतं. व्याख्या पाठ असली, तरी गणिताला बसल्यावर मुलाच्या समोर येतं ते मनातलं चित्र.

संक्रांतीच्या दिवसांत आपल्याकडे गच्चीगच्चीवर पतंग असतात. चौरस कागद पतंगासारखा टोकावर उभा धरून मुलांना आकार विचारा. ‘समभुज चौकोन’ म्हणतील, ते बरोबरच आहे. पण ‘चौरस नाही’ असंही ठासून सांगतील. कोपऱ्याला गुण्या लावून दाखवला की मग पटतं. विशालकोन त्रिकोणातही तेच होतं. लघुकोनाच्या टोकातून समोरच्या बाजूवर काढलेला लंब, म्हणजे शिरोलंब, बाहेर पडायला हवा, पण मुलं तो ओढूनताणून आत बसवतात.

म्हणून चित्र पुसायचं नाही, त्याच्या जोडीला आणखी चित्रं द्यायची. समरूपतेपासून, म्हणजे आकार तोच पण माप लहानमोठं अशा आकृत्यांपासून सुरुवात करा, दहावीत मुलं तिथंच जास्त अडतात. पुठ्ठ्याचे 6, 8 आणि 10 सेंमी बाजूंचे दोन त्रिकोण कापा. एक तसाच ठेवा. दुसऱ्यात काटकोनातून कर्णावर लंब टाका. तो 4.8 सेंमी येईल आणि कर्णाचे 3.6 व 6.4 असे भाग पडतील. त्या लंबावर कापा. आता तीन त्रिकोण झाले, तिन्ही समरूप. दोन छोटे नुसते फिरवले की एकाच दिशेला येतात, पण मोठ्याशी जुळवायला त्यांना पालथं करावं लागतं. हे पालथं करणं डोळ्यांना सुचत नाही, आणि संगत बाजू, म्हणजे समान कोनांसमोरच्या बाजू, लिहिताना मुलं चुकतात ती इथंच! हे त्याला स्वतःच्या हातानं करू द्या, तुम्ही सांगू नका.

आठवडाभर तरी रोज एक आकृती वही फिरवून, उलटसुलट काढून घ्या. प्रत्येक वेळी आधी समान कोनांना सारख्या खुणा, आणि मगच गुणोत्तरं.