२० गुंठ्याला तार कंपाउंड आणि गेट करायचंय, बजेट कसं काढू?
बजेट गुंठ्यावर काढू नका, रनिंग फुटावर (म्हणजे कुंपणाच्या लांबीच्या फुटावर) काढा, आणि गेटचा हिशोब पूर्ण वेगळा ठेवा. कारण २० गुंठे म्हणजे २१,७८० चौरस फूट, प्लॉट चौकोनी असेल तर घेर साधारण ५९० फूट येतो पण तोच ६६ बाय ३३० चा लांबुळका पट्टा असेल तर ७९२ फूट, म्हणजे जागा तेवढीच आणि जाळी २०० फूट जास्त. १० फुटाला एक सिमेंट पोल धरला तर ६० च्या जागी ८० पोल. आमच्या शेताचं कंपाउंड करताना कोटेशनमध्ये या गोष्टी सुटल्या होत्या, तुम्ही आधीच लिहून घ्या:
- कोपऱ्याच्या आणि गेटजवळच्या पोलांना तिरके टेकू, नाहीतर जाळी ताणली की पोल आत झुकतात
- खड्डे, काँक्रीट, गाडीभाडं, जीएसटी
- जाळीचा गेज, म्हणजे तारेची जाडी (१० गेज १२ पेक्षा जाड असतो, दर विचारताना गेज सांगाच)
- गेटचे आरसीसी कॉलम, साध्या पोलावर १२ फुटी लोखंडी गेट अजिबात टांगू नका

फक्त हद्दीवरून शेजाऱ्याशी थोडी जरी कुरबुर असेल तर आधी भूमी अभिलेखची सरकारी मोजणी करून घ्या, ती फी पण बजेटमध्ये धरा.