होळीची राख आणि भाजलेला तळवा

प्रश्न : आमच्या वाडीत होळी रात्री लागते आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मुले तिची राख अंगाला लावतात. काल माझा चार वर्षांचा नातू अनवाणी त्या राखेत शिरला आणि त्याचा तळवा भाजला. शेजारणीने टूथपेस्ट लावली, मी पाय बर्फात धरला. आज कडेला फोड आहेत. मधला भाग पांढरट असून तिथे दुखत नाही, असे तो म्हणतो. फोड फोडावेत का? पुढच्या शिमग्याला काय काळजी घ्यावी?
— एक आजी, चिपळूण तालुका

उत्तर : आजी, फोड फोडू नयेत; पण माझे लक्ष त्यांपेक्षा न दुखणाऱ्या पांढरट भागाकडे जाते. त्वचा खोलवर भाजली की तेथील मज्जातंतूंची टोकेही जळतात आणि वेदना थांबते, त्यामुळे दुखत नाही हे येथे सुचिन्ह नव्हे. नातवाला आजच रुग्णालयात दाखवावे आणि धनुर्वाताची लस पाहता यावी म्हणून लसीकरणाचे कार्ड सोबत न्यावे. तळव्याची जखम लहान दिसली तरी भरताना कातडी आखडली, तर वाढत्या मुलाच्या चालण्यावर परिणाम होऊ शकतो.

भाजल्याबरोबर तो भाग नळाच्या वाहत्या पाण्याखाली 20 मिनिटे धरावा. पहिल्या 3 तासांत केव्हाही केले तरी याचा उपयोग होतो. बर्फाने रक्तवाहिन्या आकसून जखम अधिक खोल जाऊ शकते. टूथपेस्ट, हळद किंवा तूप यांनी आग शमत नाही, जंतुसंसर्गाची भीती वाढते आणि डॉक्टरांना जखम नीट दिसत नाही. पैंजण असल्यास सूज येण्यापूर्वी काढावेत आणि पाण्यानंतर जखम स्वच्छ सुती कापडाने सैल झाकावी.

राख उष्णता धरून ठेवते. वरून थंड, करडी दिसणारी होळी आत सकाळपर्यंत धगधगत असते, आणि घाबरलेले लहान मूल पाय उचलण्याऐवजी पुष्कळदा तिथेच उभे राहून रडते. अनेक गावांत सकाळी दूध-पाणी शिंपडून होळी शांत करतात. तेवढ्या शिंपडण्याने आतले निखारे विझत नाहीत. मान राखून झाला की वाडीतल्या मोठ्यांनी बादल्यांनी पाणी ओतावे, फावड्याने राख उलथून पुन्हा ओतावे, आणि अंगाला लावण्यापुरती राख आधीच बाजूला काढून थंड करून ठेवावी. तोवर मुलांना पायात चपला असल्या तरी होळीच्या जागेजवळ जाऊ देऊ नये.