‘परीक्षेत आणू नकोस’ : परीक्षा, मोह आणि प्रलोभन

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणारे एका ख्रिस्ती चिंतनपर लेखाचा मराठीत अनुवाद करत आहेत. प्रभूच्या प्रार्थनेत, म्हणजे येशूनं शिष्यांना शिकवलेल्या प्रार्थनेत, ‘आम्हांला परीक्षेत आणू नकोस, तर आम्हांला वाइटापासून सोडव’ असं येतं. इंग्रजी पाठ पाहिला तर तिथे मोहाचा विषय आहे. मग ‘परीक्षा’ हा शब्द चुकला आहे का? तिथे ‘मोह’ किंवा ‘प्रलोभन’ हवं का? सोबत त्यांनी स्वतःचं एक वाक्यही तपासायला दिलं आहे: ‘विश्वास असूनही मला मोह, चिंता आणि आंतरिक संघर्षाचा सामना करावा लागतो.’ त्याकडे शेवटी येतो.

माझं उत्तर आधीच सांगतो. परीक्षा हा शब्द चुकलेला नाही. चुकला असेल तर आपला कान. शाळेनं हा शब्द इतका बळकावला आहे की ‘परीक्षा’ म्हटलं की आपल्याला वेळापत्रक आणि गुणपत्रिका दिसते. माझा एक वर्गमित्र वार्षिक परीक्षेच्या आदल्या दिवशी ही ओळ अगदी मनापासून म्हणायचा, आणि देवानं आपलं कधीच ऐकलं नाही अशी त्याची प्रामाणिक तक्रार होती.

शाळा बाजूला ठेवा आणि मराठीत परीक्षेला कोणती क्रियापदं लागतात ते पाहा. परीक्षा देतात, परीक्षा घेतात, हे शाळेचं. पण परीक्षा ‘पाहतात’ही. ‘माझ्या सहनशीलतेची परीक्षा पाहू नकोस’ असं आपण म्हणतो तेव्हा त्यात कुठलाच पेपर नसतो. तिथे परीक्षा हा शब्द ‘अंत पाहणे’च्या शेजारी जाऊन बसतो. सत्त्वपरीक्षा आणि अग्निपरीक्षा हे याच घरातले. त्यांत प्रश्न माणसाला काय येतं हा नसतो; माणूस टिकतो का, हा असतो. संस्कृतात परि + ईक्ष्, म्हणजे सगळ्या बाजूंनी पाहणं. मराठीतलं ‘पारखणं’ही तिथूनच झिजत आलेलं आहे.

आता मूळ शब्द. नव्या कराराच्या, म्हणजे बायबलच्या येशूविषयीच्या भागाच्या, मूळ ग्रीकमध्ये इथे ‘पेइरास्मॉस’ आहे. त्याच्या क्रियापदाचा, ‘पेइराझो’चा, मुळातला अर्थ करून पाहणं, अजमावणं. अजमावणारा हितचिंतक असेल तर ती कसोटी ठरते, पाडायला टपलेला असेल तर तोच फास होतो. ग्रीकमध्ये दोन्हींना एकच शब्द चालतो. लॅटिनमध्येही तेच, आणि इंग्रजीतला शब्द त्या लॅटिनवरूनच आला; जुन्या इंग्रजीत त्यालाही ‘कसोटी’ हा अर्थ होता, पुढे तो आटला. म्हणजे इंग्रजीतून उलटं मराठीकडे पाहिलं तर मराठी चुकल्यासारखी वाटते, ग्रीकमधून पाहिलं तर नाही.

मराठीची पंचाईत अशी की तिच्याकडे या दोन अर्थांना मिळून एक शब्द नाही, त्यामुळे बायबलच्या मराठी अनुवादकाला दर ठिकाणी निवड करावी लागते. आणि त्यानं ती केली आहे. नव्या करारातल्या याकोबाच्या पत्राचा पहिला अध्याय उघडा. तेराव्या वचनाचा आशय असा, की कोणाची परीक्षा होत असता देवानं मला मोहात घातलं असं त्यानं म्हणू नये. देव कोणाला मोहात पाडत नाही. परीक्षा आणि मोह, दोन्ही एकाच वचनात, आणि ग्रीकमध्ये दोन्हींच्या जागी एकच धातू. तिकडे इब्री लोकांस पत्राच्या चौथ्या अध्यायात येशूबद्दल म्हटलं आहे की तो सर्व प्रकारे आपल्याप्रमाणे ‘पारखलेला’ होता, तरी निष्पाप राहिला. धातू पुन्हा तोच. एका ग्रीक धातूला मराठीत परीक्षा, मोह आणि पारख असे तीन हात फुटले आहेत, आणि प्रत्येक हात आपापल्या जागी योग्य आहे असं माझं मत आहे.

का, ते मराठीच्या व्याकरणातच दिसतं. मोह ‘होतो’, आणि ‘मला’ होतो. मला भूक लागते, मला राग येतो, तसाच मला मोह होतो. मोह आवरतो किंवा आवरत नाही. म्हणजे मोह हा शब्द उच्चारला की गोष्ट आत शिरलेली असते, मन निदान थोडं तरी झुकलेलं असतं. धातू मुह्, ज्यावरून मूढ आला. भान सुटणं हा त्याचा जुना अर्थ अजून तळाशी आहे. प्रलोभनाचं तसं नाही. प्रलोभन कोणीतरी ‘दाखवतं’. ते बाहेर असतं, आपल्यापासून हातभर अंतरावर. त्याला बळी पडायचं की नाही हे अजून ठरायचं असतं. ‘मला प्रलोभन झालं’ असं मराठीत कोणी म्हणत नाही. आमिष हा त्याचा जवळचा नातलग, आणि याकोबाच्या त्याच अध्यायात पुढच्या वचनात ग्रीक शब्द अगदी मासेमारीचा आहे, आमिष लावून ओढण्याचा. मराठीत तिथे ‘भुलवला जातो’ आहे. अर्थ पोचतो, गळ मात्र निसटला.

हे लक्षात घेऊन मत्तयच्या चौथ्या अध्यायातला अरण्यातला प्रसंग वाचा. चाळीस दिवसांचा उपास, भूक लागलेली, आणि समोर धोंड्यांच्या भाकरी करून दाखव अशी सूचना. तिथे ‘येशूला मोह झाला’ असं लिहिलं असतं तर मराठी वाचकाला येशू क्षणभर का होईना डळमळला असं वाटलं असतं. ‘प्रलोभन दाखवलं’ चाललं असतं, पण मग सैतानाचंच पारडं जड. देवाच्या आत्म्यानेच त्याला अरण्यात नेलं हे जे वाक्यात आहे ते हलकं पडलं असतं. ‘परीक्षा’ दोन्ही बाजू तोलून धरते. यात एक गंमतही झाली आहे: सैतानाला तिथे चक्क ‘परीक्षक’ म्हटलं आहे. माझ्या वर्गमित्राला हे फार पटलं असतं.

आता प्रार्थनेतली ओळ. तिच्यात मला शब्दापेक्षा प्रत्यय जास्त महत्त्वाचा वाटतो. आपण परीक्षे‘ला’ बसतो, परीक्षे‘ला’ बसवतो. ‘परीक्षेत नापास झाला’ म्हणतो, पण कोणी कोणाला ‘परीक्षेत आणत’ नाही. मग हा प्रयोग कुठून आला? अडचणीत आणणे, पेचात आणणे, गोत्यात आणणे, या रांगेतून. ‘त’ आणि ‘आणणे’ एकत्र आले की मराठीत समोर खड्डा दिसायला लागतो. ग्रीकमध्येही ‘आत नेऊन घालणे’ अशाच रचनेचं क्रियापद आहे. म्हणजे या ओळीत परीक्षा हे जणू एक ठिकाण आहे, जिथे माणूस अडकतो. करिंथकरांस पहिल्या पत्राच्या दहाव्या अध्यायात तर परीक्षा ‘गुदरते’. गुदरतो तो प्रसंग, गुदरतं ते संकट. शाळेची परीक्षा गुदरल्याचं मी ऐकलेलं नाही (विद्यार्थ्यांचं मत वेगळं असू शकेल). त्याच वचनात पुढे परीक्षेबरोबर तिच्यातून निभावण्याचा उपायही देव करील असं आश्वासन आहे. ‘तिच्यातून’. पुन्हा आत आणि बाहेर.

तुम्ही म्हणाल, पण देव मुळात परीक्षेत आणतोच कशाला? हा भाषेचा प्रश्न राहत नाही खरा, तरी भाषेनं त्यात बराच धुरळा उडवला आहे. फ्रान्समधल्या कॅथलिक उपासनेत ही ओळ ३ डिसेंबर २०१७ पासून बदलली. आधी ‘आम्हांला मोहाच्या स्वाधीन करू नकोस’ अशा अर्थाची होती, ती ‘मोहात शिरू देऊ नकोस’ अशी झाली. पोप फ्रान्सिस यांनी त्याच सुमारास म्हटलं की बाप मुलाला पाडत नाही, पडलेल्याला उठवतो. इटलीतली ओळही बदलली आणि २९ नोव्हेंबर २०२० पासून तिथे ‘मोहाच्या हाती सोडून देऊ नकोस’ अशा अर्थाची ओळ म्हणतात. बदलाला विरोधही झाला, कारण ग्रीक मजकुरात ‘देऊ’ नाही, सरळ ‘आणू नकोस’च आहे. त्यावर अनेक अभ्यासक म्हणतात की या प्रार्थनेमागे अरामी किंवा हिब्रू बोली आहे, आणि त्या भाषांत प्रयोजक क्रियापदाचा अर्थ ‘करवणे’ जसा होतो तसा ‘होऊ देणे’ही होऊ शकतो. तालमूद या यहुदी धर्मग्रंथातही जवळपास अशीच एक यहुदी प्रार्थना आहे: मला पापात आणू नकोस, परीक्षेत आणू नकोस.

मराठीत हा सगळा वाद एका कान्यात मावतो. पडणे, पाडणे. ‘मोहात पाडू नकोस’ म्हटलं की पाडणारा देव. ‘मोहात पडू देऊ नकोस’ म्हटलं की पडणारा मी, आणि देव फक्त हात धरायला. म्हणून प्रार्थनेत ‘मोह’ घालायचाच असेल तर कृपा करून ‘पडू देऊ नकोस’ करा; ‘पाडू नकोस’ लिहाल तर याकोबाचं तेरावं वचन आणि तुमची ओळ एकमेकांच्या अंगावर धावून जातील. ‘परीक्षा’ ठेवलीत तर ‘आणू नकोस’ बिनदिक्कत राहू द्या.

जाता जाता: ‘वाइटापासून’ हे रूप अनुवादकाच्या पथ्यावर पडलं आहे. ग्रीकमध्ये त्या जागी जे रूप आहे ते पुल्लिंगी की नपुंसकलिंगी हे कळत नाही. म्हणजे ‘वाईट गोष्टींपासून’ की ‘त्या दुष्टापासून’ हे उघडं राहतं. मराठीत सामान्यरूप होताना दोन्ही लिंगांचं ‘वाइटा-’ असंच होतं. मूळची संदिग्धता इतकी फुकटात क्वचित मिळते. तिथे हात लावू नका.

तुमच्या वाक्यातल्या ‘चिंते’बद्दल. चिंता आणि काळजी आपण अदलाबदलीनं वापरतो, पण काळजीला दोन तोंडं आहेत. काळजी ‘करतात’, ती जाळते. काळजी ‘घेतात’, ती जपते. क्रियापद बदललं की शब्दाचा स्वभाव बदलतो. चिंता मात्र कोणी ‘घेत’ नाही. पेत्राच्या पहिल्या पत्रात, पाचव्या अध्यायात, आपली सर्व चिंता त्याच्यावर टाका कारण तो तुमची काळजी घेतो, असं आहे. ग्रीकमध्ये तिथे खरोखरच दोन वेगळे शब्द आहेत आणि मराठीनं ते वेगळे ठेवले. दोन्हीकडे ‘काळजी’ घातली असती तर वाक्य कानाला जास्त गोड लागलं असतं, हेही खरं. त्यातला चिंतेचा शब्द, ‘मेरिम्ना’, दर वेळी वाईटच नसतो: प्रेषित पौल ख्रिस्ती मंडळ्यांविषयी आपल्याला जे वाटतं त्याला तोच शब्द वापरतो. तेव्हा मूळ लेखात कुठली चिंता आहे ते पाहून ठरवा. उद्याचं काय, ही असेल तर ‘चिंता’. लूकच्या दहाव्या अध्यायातल्या मार्थेसारखी, घरभर कामात विखुरलेल्या बाईची असेल, तर तिथे मराठी पाठात ‘काळजी व दगदग’ आहे, आणि ‘दगदग’ला तोड नाही. मनाची आणि अंगाची ओढाताण त्या एका शब्दात ऐकू येते.

आणि ‘आंतरिक संघर्षाचा सामना करावा लागतो’? हे मराठी अक्षरांत लिहिलेलं इंग्रजी आहे, रागावू नका. संघर्ष आतला असला की मराठीत त्याला घालमेल, तगमग, उलाघाल असे शब्द आहेत, पण ते भावनेचे. पौल रोमकरांस पत्राच्या सातव्या अध्यायात जे सांगतो, की करावंसं वाटतं ते चांगलं मी करत नाही आणि नको असलेलं वाईट तेच करतो, ती घालमेल नव्हे. तो झगडा आहे. दोन बाजू आहेत आणि दोन्हीकडे मीच आहे. तिथे ‘झगडा’ किंवा ‘झुंज’ लिहा.

सगळ्यात खटकतं ते ‘असूनही’. त्यातून असं ध्वनित होतं की विश्वास असला तर हे व्हायला नको होतं. मार्कच्या नवव्या अध्यायातला आजारी मुलाचा बाप एकाच दमात दोन्ही म्हणतो: माझा विश्वास आहे, आणि माझा अविश्वास घालवा. त्याला मध्ये ‘असूनही’ची गरज पडली नाही. मराठीत विश्वास ‘ठेवतात’ तसा ‘धरतात’ही, जसा धीर धरतात, तग धरतात, आणि धरलेली वस्तू सुटूही शकते हे त्या क्रियापदाला ठाऊक असतं.

मी तुमचं वाक्य असं करीन: ‘विश्वास धरला आहे. मन ओढलं जातं, चिंता सुटत नाही, आतल्या आत झगडा चालू असतो.’ ‘मोह’ मी मुद्दाम काढला. पुढच्या परिच्छेदात तो येणारच असेल, तेव्हा ‘पड’ला काना आहे की नाही तेवढं तपासून घ्या.